माझा एक कोरडा फोटो

मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? हसा. खड्डा म्हटलं की लोकांना फक्त रस्त्यातले खड्डे आठवतात, आणि राग आला की माणसं एकमेकांना माझ्याकडेच पाठवतात. पण मित्रांनो, मी आपोआप पडलेलो नाही. मला आखून, मापून खणलं होतं. माझ्या पोटात डोकावून जमीन कशी आहे ते समजून घ्यायचं, एवढ्यासाठीच माझा जन्म झाला. आणि ज्याने मला खणायला सांगितलं, त्यानेच मला कधी वाकून पाहिलं नाही! ही गोष्ट सांगताना आजही माझा संताप होतो.

तेव्हा इथे घर नव्हतं. कोपऱ्यात विटांचा ढीग होता, दोन बाजूंना तारेचं कुंपण आणि एका बाजूला शेजाऱ्यांच्या घराची भिंत. ही जागा पुस्तकबांधणी करणाऱ्या एका बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने घेतली होती. बाईंचं दुकान भाड्याचं आणि गळकं. कागदाच्या थप्प्यांवर प्लास्टिक पांघरून त्या काम करत. घर बांधायचं तर आपल्या देखरेखीखाली, आणि बाकी काही कमी-जास्त झालं तरी खाली एक तळघर हवंच, हे त्यांचं एकमेव मागणं होतं. जागा लहान असल्यामुळे कामाची खोली जमिनीखालीच बसणार होती. तिथे कागद कोरडा राहिला तर त्यांचा धंदा राहणार, नाही तर नाही.

आता गंमत ऐका. फरश्या निवडायला घरातली सगळी माणसं कितीतरी रविवार हिंडली. दाराच्या मुठीवरून नवराबायकोत अबोला झाला. आणि पाया कोणाच्या हाती द्यायचा हे मात्र चहा निवायच्या आत ठरलं!

"माझा मित्र आहे ना इंजिनिअर," बाईंचा थोरला भाऊ म्हणाला. "घरचाच माणूस. शोधत कशाला बसायचं?"

"सुटलो बुवा," नवरा म्हणाला. "एक काम कमी झालं."

काम कमी झालं म्हणे! मित्रांनो, खोल्या कुठे आणि खिडक्या कुठे हे आर्किटेक्ट ठरवतो. पण ते सगळं ओझं जमीन पेलेल का, तळघराच्या भिंती बाजूच्या मातीचा आणि पाण्याचा रेटा सोसतील का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. त्याचं काम शेवटी मातीखाली झाकलं जातं. चुकलं तर उकरून दुरुस्त करणं फार जड जातं. असा माणूस निवडताना तो कोणाचा मित्र आहे, एवढंच विचारायचं?

त्या मित्राने फोनवरूनच फर्मान सोडलं, "एक खड्डा खणून ठेवा आणि फोटो पाठवा."

दोन मजुरांनी पहार आणि कुदळ घेऊन मला खणलं. एखादा उंच माणूस आत हात वर करून उभा राहिला तर फक्त बोटांची टोकं दिसावीत, इतका मी खोल झालो. वर तांबूस माती, मध्ये मुरूम, तळाशी चिकट करडी माती. मला मोठा अभिमान वाटला. आता कोणीतरी येईल, उतरेल, माती चिमटीत घेऊन चोळेल, म्हणून मी वाट पाहू लागलो.

कोणी आलं नाही. ऐन कोरड्या दिवसांत भावाने काठावरून माझा एक फोटो काढला. फोटो बघून तिकडून निरोप आला, "जमीन कडक आहे, पाणी नाही, बिनधास्त खोदा." नकाशेही आले, पण खोदाई पावसाळ्यानंतर करायचं ठरलं. मी मनात त्याचं नाव फोटोसाहेब ठेवलं. माझ्यावर पत्रा टाकला गेला. मग विटांचे तुकडे, बिस्किटांचे कागद, एक फुटकी बादली, सगळं माझ्याच पोटात. ज्याला प्रश्न विचारायला बोलावलं, त्याच्या तोंडात कचरा कोंबायचा, ही कुठली रीत?

नंतर पावसाळा झाला. उघडीप पडल्यावर बाई जागा बघायला आल्या आणि त्यांनी पत्रा सरकवला. माझ्यात कमरेएवढं पाणी होतं.

"पावसाचं असेल," नवरा म्हणाला.

"वर पत्रा होता, कडेला मातीचा बांध आहे. मग पाऊस आत शिरला कुठून?" बाई गुडघ्यावर बसल्या. माझ्या अंगातून बारीक बारीक धारा पाझरत होत्या. आयुष्यभर ओलीशी भांडलेली बाई ती! "अहो, हे वरून नाही आलं. हे जमिनीतलं आहे."

त्यांनी तिथूनच फोटोसाहेबांना फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"साहेब, खड्ड्यात पाणी आलंय."

"मग उपसून टाका."

"आणि?"

"आणि दुसरा फोटो पाठवा. कोरडा."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. मला पुसून, नटवून फोटो काढायचा! पाणी फोटोतून जाईल, जमिनीतून कसं जाईल?

"तुम्ही एकदा येऊन बघाल का?" बाईंनी विचारलं. "आणि याआधी तुम्ही किती तळघरं केलीत?"

"अहो ताई, खड्ड्यात काय बघायचं? आणि आजवर मला असं कोणी विचारलं नाही."

"मग मीच पहिली," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

घरात वादळ उठलं. भाऊ तावातावाने आला. "चिमे, माझं नाक कापलंस तू! त्याला काय तोंड दाखवू?"

"दादा, तुझं नाक मोठं की माझं घर? पुठ्ठा ओला झाला की फुगतो, शिवण सुटते, पानं हातात येतात. लोक पुस्तकं तुझ्या मित्राकडे नाही, माझ्याकडे परत आणतील."

भाऊ कितीतरी दिवस बोलला नाही. तरी बाई डगमगल्या नाहीत. त्या आणखी तीन इंजिनिअरांना भेटल्या. तळघरं केलीत का, ती आम्हाला दाखवाल का, खोदाईच्या वेळी कोण हजर राहील, चूक झाली तर जबाबदारी कोणाची, असं प्रत्येकाला विचारलं. एकाने विषय टाळला, दुसरा रागावला. तिसऱ्या होत्या एक इंजिनिअर बाई. त्या म्हणाल्या, "आधी मला खड्डा बघू दे. मग बोलू."

त्या गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आल्या. पहिल्यांदा त्यांनी काठापासून लांब एक दोरी बांधली. "दोरीच्या पुढे कोणी यायचं नाही. कडा ओल्या आहेत. त्या तिरक्या कापून घेतल्याशिवाय मीसुद्धा उतरणार नाही."

चुका काढायलाच आलेला भाऊ हसला. "ओल्या कसल्या? दगड आहे हो, दगड!" आणि दोरी ओलांडून त्याने काठावर दाणकन पाय आपटला.

मी मुद्दाम काही केलं नाही. माझी कड तशीही सुटत आली होती. ती खाली आली आणि तिच्यासोबत दादाही. छातीपर्यंत चिखल, केसांत बिस्किटाचा कागद. सगळे धावले. इंजिनिअर बाईंनी सगळ्यांना मागे थोपवलं, शिडी आडवी टाकली, तिच्यावर झोपून त्याला हात दिला.

वर आल्यावर त्याने केसांतला कागद काढून टाकला. मग हळूच म्हणाला, "चिमे, फोटो काढू नकोस."

आणि बहीणभाऊ पोट धरून हसले.

पुढे माझ्या कडा कापल्या गेल्या, कचरा काढला गेला. इंजिनिअर बाई माझ्यात उतरल्या. त्यांनी माती चिमटीत चोळली, पाणी कुठवर चढतं ते पाहायला पुन्हा पुन्हा आल्या. यंत्राने आणखी खोलवरचे नमुने काढून तपासले. शेजाऱ्यांच्या भिंतीचा पाया उघडून पाहिला, तो उथळ निघाला. "इथे एकदम खोदलं असतं तर त्यांची भिंत आपल्या तळघरात आली असती," त्या म्हणाल्या. "थोडं थोडं खोदू. तळघर निम्मं जमिनीच्या वर उचलू. पाणी खालूनही ढकलतं, त्यामुळे तळ जाड हवा. हे पटत नसेल तर तळघर नको, पण मी खोटं सांगणार नाही."

पटलं. सळया बांधून झाल्यावर त्या आल्या, काँक्रीट ओततानाही उभ्या राहिल्या. माझा तळ त्यांनी बुजवला नाही. तळघराच्या कोपऱ्यात, जाळीखाली, झिरपणारं पाणी गोळा करायचं काम मला दिलं. माझ्यात पंप बसवला. आज वर कागदाच्या थप्प्या कोरड्या आहेत आणि बाईंच्या हाताला काम पुरून उरतं.

तरीही माझा राग गेलेला नाही. पाहुणे येतात, फरश्यांचं कौतुक करतात आणि निघून जातात. पाया कोणी बांधला, हे कोणी विचारत नाही. आता पलीकडच्या जागेतही घर उठणार आहे. परवा तिथले गृहस्थ बाईंना विचारत होते, "तुमच्या त्या इंजिनिअर फार प्रश्न विचारतात म्हणे. फोटोवर काम करणारा कोणी नाही का?"

मित्रांनो, उद्या तुम्ही घरं बांधाल. फरश्या हव्या तेवढ्या दिवस निवडा. पण पाया सोपवण्याआधी त्या माणसाला जागेवर बोलवा, खड्ड्याच्या कडा नीट करून घ्या आणि म्हणा, उतरा. जो काठावरूनच सगळं ठीक आहे म्हणेल, त्याला तिथूनच नमस्कार करा. मग तो तुमचा सख्खा मामा का असेना. आणि घर उभं राहिल्यावर कधीतरी जाळी उचलून आमच्याकडेही बघा. आतला गाळ काढा, पंप चालवून पाहा. तुमचं कोरडं छप्पर सगळ्यांना दिसतं. तुमची कोरडी जमीन आम्ही सांभाळतो.