नवीन सदस्यांचे स्वागत

नोरीन पायबसने विक्रीसाठीच्या टोमॅटोच्या रोपांचं शेवटचं खोकं शेडमधल्या टेबलावर चढवलं आणि समोर उभ्या टेगनकडे पाहिलं. चार महिन्यांपूर्वी ही मुलगी नदीकाठचं लाकडी घर भाड्याने घेऊन एकटीच राहायला आली होती. तिच्या हातात बागकाम मंडळाचं पत्रक होतं.

"यात माझं नाव कसं आलं?"

"तू मंडळाच्या सोडतीचं तिकीट घेतलंस ना, बक्षीस म्हणून मांस मिळतं ती? त्यावर नाव आणि ईमेल लिहिलंस. तिकीट घेतलं की माणूस आमच्या यादीत आलाच."

"मला विचारलं नाहीत."

नोरीनला ते लागलं. अकरा वर्षं ती मंडळाची चिटणीस होती. गावात नवा येईल त्याला ती यादीत घाली आणि पत्रकात नावानिशी त्याचं स्वागत करी. पाहुणचाराला कोणी परवानगी मागतं का?

"विचारत बसले असते तर यादीत मी आणि माझं मांजर, दोघंच उरलो असतो. काढते तुझं नाव. एवढं मनाला लावून घेऊ नकोस."

टेगन हसली नाही. "हे इंटरनेटवरही आहे?"

"मंडळाच्या पानावर. कोणीही वाचू शकतं."

टेगनने पत्रकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "नोरीनबाई, मी इथे आहे हे माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. नवऱ्याला कळू नये म्हणून. माझी कोणी चौकशी केली का?"

"छे, कोण करणार?" नोरीन म्हणाली, आणि तिचा हात कुंडीवरच थांबला. "चौकशी नाही. पण परवा एकाने आपणहून लिहिलं, मलाही यादीत घ्या म्हणून. समुद्रापलीकडच्या जिलाँग शहरातला आहे. अकरा वर्षांत आपणहून विचारणारा पहिलाच."

"नाव?"

"डेल."

टेगनने फाटकाकडे पाहिलं. "तोच माझा नवरा. काय कळवलंत त्याला?"

हॉबर्ट शहरातली वार्षिक जत्रा झाली की टोमॅटो लावायचे, हा इथला नेम. त्यामुळे आजची, शनिवारची रोपविक्री वर्षातली सर्वांत मोठी. फाटकापाशी गाड्या लागायला सुरुवातही झाली होती.

"विक्री शनिवारी दहाला, इथेच, शाळेमागच्या शेडमध्ये," नोरीन हळूच म्हणाली. "सगळं गाव येतं, असंही लिहिलं."

दहाला पाच मिनिटं कमी होती. नोरीनने हातमोजे काढले, दारापाशी गेली आणि विक्रीच्या दिवशी पहिल्यांदाच शेडची कडी आतून लावली.