अनोळखी इसम

सिद्धरामने काठीच्या टोकाने म्हाताऱ्याच्या डोक्यावरची टोपी उडवली. म्हातारा वाकला, टोपी उचलून झटकली आणि पुन्हा घातली.

तीस सालचा मे महिना होता. सोलापुरात लष्करी कायदा लागून चार दिवस झाले होते. खादीची टोपी घालणं गुन्हा ठरलं होतं. चौकात गोऱ्या सार्जंटसोबत शिपाई सिद्धरामची नेमणूक होती, आणि समोर उभा होता त्याचा बाप, गिरणीतला गुरुलिंग. बंद दारांच्या फटींतून लोक बघत होते.

"ओळखतोस याला?" सार्जंटने विचारलं.

गुरुलिंगच बोलला.

"आमची वळख न्हाय, सायेब."

"मग मार."

दुसऱ्या फटक्याने टोपी धुळीत पडली. गुरुलिंग पुन्हा वाकला. तिसरा फटका सिद्धरामने डोळे मिटून मारला. तो कानशिलावर बसला. गुरुलिंग गुडघ्यांवर आला आणि कुशीवर कलंडला. सार्जंटने बुटाने हलवून पाहिलं.

चौकीत बसून सिद्धरामने लिहिलं : अनोळखी इसम, वय अंदाजे साठ, ऊन लागून मयत. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. बायको सिद्धेश्वरीला आठवा महिना लागला होता. नाव लिहिलं असतं तर नोकरी गेली असती, घराची झडती झाली असती.

बेवारस म्हणून प्रेत स्मशानात नेलं. लिंगायताला माती देतात, जाळत नाहीत. सरण पेटल्यावर सिद्धरामने कागदावर सही केली.

तिन्हीसांजेला तो घरी आला. आई अंबुबाई पदर कपाळावर ओढून दारातच उभी होती.

"तुजं आप्पा सकाळधरनं आलं न्हाईत."

"शोधतोय, अव्वा."

"व्हय?"

ती आत गेली. तिने ताट वाढलं : भाकरी, शेंगाची चटणी, वर तेलाची धार. कोपऱ्यात सिद्धेश्वरी तोंडात पदर धरून भिंतीकडे बघत बसली होती. अंबुबाईने कंदील ताटाजवळ सरकवला, तेव्हा तिचे हात उजेडात आले. मनगटं मोकळी होती. सिद्धरामने वर पाहिलं. पदर मागे सरला होता आणि कपाळ कोरं होतं.

त्याचा घास हातातच राहिला.

"जेव," अंबुबाई म्हणाली. "उद्या परत शोधाय जायचं हाय की तुला."