वेळेवर आलेल्यांचा फोटो

अनुजाबाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. सकाळी शाळेचं कुलूप निघालं की त्यांचा एक पाय वर्गात आणि एक फाटकात. घड्याळाकडे बघायचं, रस्त्याकडे बघायचं, पुन्हा घड्याळाकडे. गाव म्हणे, बाई फाटकापाशी एवढ्या फेऱ्या मारतात, तेवढ्यात मालवणचा बाजार करून परत आल्या असत्या.

त्यांचंही चूक नव्हतं. खाडीकाठची ही प्राथमिक शाळा, पोरं मोजकीच, आणि दारावरून रोज इंग्रजी शाळेची पिवळी गाडी हॉर्न वाजवत जायची. आपली शाळा टिकायची तर ती गावाच्या डोळ्यांसमोर राहिली पाहिजे, असं बाईंनी मनात घेतलं. म्हणून त्यांनी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘शाळेची बातमी’ सुरू केली. कुणी पाढे म्हटले, कुणी शाळेच्या परसात भेंडी लावली, आणि सगळ्यात आधी प्रार्थनेला वेळेवर आलेल्यांचा फोटो. मुंबईचे चाकरमानी त्यावर भराभर अंगठे टाकत. ग्रुप चालवणारे परशुरामकाका डोंबिवलीत बसून रोज विचारत, आज सगळी हजर काय? पोरंही हुरळली. वाटेत चिंचा पाडत रमतगमत येणारी आता धापा टाकत येऊ लागली.

घोडं अडत होतं ते एका पोरीपाशी. तिसरीतली रिया. खाडीच्या मधोमध जुवा आहे, म्हणजे पाण्याने वेढलेलं चिमूटभर बेट. तिथे ती आजोबांपाशी, म्हणजे बाळाआजोपाशी, राहायची आणि तो तिला होडीतून अलीकडे सोडायचा. काही दिवस ही पोरगी सगळ्यांच्या आधी फाटकात उभी, आणि मग सलग काही दिवस रोज उशीर. विचारलं की मान खाली घालून एकच उत्तर, होडयेक उशीर झालो. बाईंना वाटे, सोंग आहे. होडी म्हणजे काय एसटी आहे उशिरा यायला?

बाईंचं माहेर आणि सासर दोन्ही दोडामार्गाकडचं, काजूच्या बागांतलं. तिथे ओहोळाला पाणी एकतर असतं, नाहीतर नसतं. सुकती लागली, म्हणजे ओहोटी आली, की जुव्याभोवती नुसता चिखल उरतो, होडी जागच्या जागी रुतते, आणि सुकतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच बाईंना ते कुणी सांगितलं नाही. आणि बाईंनीही कधी कुणाला विचारलं नाही. त्यांना घड्याळ पुरत होतं.

गुरुवारी त्यांनी बातमीत लिहिलं, की उद्या तरी अख्खी शाळा वेळेवर दिसू दे, एका मुलीमुळे आपलं अडतं आहे, पालकांनी लक्ष द्यावं. नाव घातलं नाही. गावाला नाव घालावं लागत नाही. मधल्या सुट्टीत पोरांनी रियाला घेरलं आणि ती डबा न उघडताच वर्गात जाऊन बसली. बाईंनी ते पाहिलं. पोरीला जरा टोचलं तर बरंच, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी प्रार्थनेची वेळ झाली आणि रिया नव्हती. बाई देव पाण्यात घालून बसल्यासारख्या रस्त्याकडे बघत राहिल्या. परशुरामकाकांचं विचारणं येऊन पडलं होतं. मग बाईंच्या मनाने वकिली सुरू केली: जी आलीच नाही ती गैरहजर, ती उशिरा आली असं कसं म्हणणार? त्यांनी पोरांना जवळजवळ उभं केलं, मधली जागा दिसणार नाही असं, आणि फोटो टाकला. खाली लिहिलं, आज सगळे वेळेवर. अंगठे धडाधड उमटू लागले. बाईंना मात्र काही केल्या गोड वाटेना.

तेवढ्यात फोन वाजला. बाळाआजो होता.

“बाई, आमचा चेडू फोटोत खंय दिसणा नाय,” तो म्हणाला. “शाळेत पोचला मां?”

बाईंनी विचारलं, ती निघाली कधी?

“निघान बराच येळ झालो. सुकती आसा, होडी रुतली. थांब म्हटलंय तर आयकला नाय. आज माका येळेर जावचाच आसा, म्हणाला आणि चप्पल हातात घेवन चिखलातसून चलत गेला.”

बाईंना पुढचं ऐकू आलं नाही. पोरांना वर्गात बसायला सांगून त्या खाडीकडे धावत सुटल्या. कांदळवनाच्या पलीकडे चिखल उन्हात चकाकत होता आणि त्यावरून पाणी पातळ पातळ परत येत होतं. मध्यावर रिया कमरेपर्यंत रुतलेली, दप्तर डोक्यावर धरलेलं. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला उतरलेली गावातली नर्मदा आधीच तिच्याकडे सरकत होती; नारळाची सुकी झावळं चिखलावर टाकायची आणि त्यावर पोटावर पडून पुढे जायचं. बाईंनी काठावरची झावळं ओढली आणि साडीसकट त्याही तशाच निघाल्या. पलीकडून बाळाआजो गुडघाभर चिखल तुडवत येत होता. नर्मदेने काखेत हात घातले, बाईंनी दप्तर भिरकावून देऊन मनगटं धरली, आणि पाणी पोरीच्या छातीला लागता लागता तिघांनी मिळून तिला ओढून काढलं.

काठावर येईपर्यंत रिया रडली नाही. तोंडावरचा चिखल पुसून तिने आधी बाईंकडे पाहिलं.

“बाई, माझ्यामुळे आजय फोटो चुकलो?”

नाही गो, तुझ्यासाठीच थांबलो होतो, असं म्हणणं सोपं होतं. बाईंच्या ओठांवर ते आलंही होतं. पण फोन बाळाआजोच्या खिशात होता आणि फोटो त्या फोनात.

“नाही,” त्या म्हणाल्या. “फोटो काढला मघाशी.”

रियाने विचारलं,

“माका सोडून काढलात?”

“हो,” बाई म्हणाल्या.

तेव्हा ती रडली. आजोच्या कमरेला मिठी मारून, हुंदके देत. बाई चिखलात बसून राहिल्या, आणि तिच्या पाठीवर हात ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही.