आजार सुरू झाल्याचा दिवस

शालनने चौथ्यांदा चूळ भरली, मान वर करून घसा खळखळवला आणि बेसिनमध्ये थुंकली. औषधाच्या पाण्याने जीभ जांभळी झाली होती, तरी तिचं समाधान होईना. तिने पाचव्यांदा पेला भरला.

मागे प्रयोगशाळेच्या टेबलावर द्रव मोजून ओढायचा काचेचा पिपेट आडवा पडला होता. त्याच्या वरच्या टोकातला कापसाचा बोळा ओला झाला होता, आणि बोळा ओला झाला म्हणजे व्हायचं ते होऊन गेलं होतं. पिपेटला लावायचा रबरी फुगा दिवाळीआधीच कडक होऊन चिरला होता. नव्या फुग्याची मागणी कुठल्यातरी टेबलावर सहीची वाट बघत पडली होती. तोवर काम थांबवायचं का? मग तोंडानेच ओढायचं. शालन चौदा वर्षं ओढत आली होती. ‘तोंडाने द्रव ओढू नये’ ही भिंतीवरची पाटीसुद्धा तिच्याच सुवाच्य अक्षरातली होती आणि त्या पाटीखाली बसून सगळे बिनदिक्कत ओढत असत. आज तिचं लक्ष क्षणभर उडालं, बाटलीतला द्रव संपत आला, पिपेटचं टोक वर आलं आणि भसकन घोट तोंडात आला.

त्या घोटात जिवंत विषाणू होता. शहरातल्या तान्ह्या मुलांच्या नाकातून आणलेला, काचेच्या बाटल्यांमधल्या पेशींवर पोसून चांगला गुबगुबीत केलेला. मोठ्या माणसाला तो झाला तर चार दिवस नाक गळतं आणि विषय संपतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला झाला तर तो छातीत उतरतो. संस्थेतल्या डॉक्टर पुरुषोत्तमांच्या विभागात, जिथे शालन काम करायची, तीन वर्षं याच एका विषाणूचा माग काढणं चालू होतं. तो बेंगळुरात कधी येतो, कुठल्या घरात शिरतो, आणि घरात कोणाच्या नाकातून कोणाच्या नाकात जातो.

आणि बसवनगुडीला, शालनच्या घरी, एकोणीस दिवसांचं बाळ होतं.

बाळ तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रतिमाचं. दोनदा दिवस राहून न टिकल्यावर झालेलं. आई हयात नसल्यामुळे प्रतिमा निपाणीहून अक्काकडेच बाळंतपणाला आली होती आणि मदतीला वसुमती आत्ती येऊन राहिली होती. शालनने लग्न केलं नव्हतं. तिच्या दोन खोल्यांत पहिल्यांदाच लंगोट वाळत होते, शेगडीत धुरी होत होती आणि रात्री-अपरात्री कोणीतरी टाहो फोडत होतं. कामावरून आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुऊन ती बाळाला घ्यायची, आणि मग जेवणाची वेळ टळून गेली तरी खाली ठेवायची नाही.

तिने बोटांवर दिवस मोजले. दोन ते आठ. एवढ्या दिवसांत लागण झाली असेल तर कळतं, आणि कळायच्या आधीच दुसऱ्याला देता येते. म्हणजे आठ दिवस घर बंद.

पुरुषोत्तम सरांना सांगायला हवं होतं. पण तिची नेमणूक दरवर्षी मार्चमध्ये नव्याने व्हायची, आणि पाटी लिहिणारीनेच पाटी मोडली हे कागदावर आलं तर मार्चमध्ये काय होईल हे तिला न सांगता कळत होतं. तिने पिपेट जंतुनाशकाच्या बरणीत बुडवला आणि तोंड पुसलं.

संध्याकाळी तिने घरमालक बसवंतअण्णांकडे फोन लावला. आत्ती धापा टाकत जिना उतरून आली.

“आत्ती, मला अचानक ट्रेनिंगला पाठवलंय. बोम्मसंद्राला, एका औषधाच्या कारखान्यात. आठ दिवस.”

“आं? आन् कपडे?”

“कस्तुरी देईल. तिच्याबरोबरच राहते आहे.”

कस्तुरी संस्थेच्या ग्रंथालयात होती आणि मल्लेश्वरमला खोली घेऊन राहत होती. तिने काही विचारलं नाही, पण शालन स्वतःची ताट-वाटी वेगळी ठेवते हे पाहून दुसऱ्या दिवशी खिडक्या उघड्या टाकल्या. शालनला ते बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

मग दिवस सुरू झाले. सकाळी उठलं की ती आधी गिळून बघायची. घसा दुखतोय का? नाही. मग नाक. नाही. मग पुन्हा घसा. दुपारपर्यंत इतक्यांदा गिळून व्हायचं की घसा खरोखरच दुखल्यासारखा वाटायचा. संध्याकाळी फोन.

“बाळ कसं आहे, आत्ती?”

“झ्याक हाय की. तुला काय काळजी? तू शिकून घे स्वल्प.”

“प्रतिमा?”

“ती बी बरी हाय. झोपलीय.”

फोन ठेवल्यावर शालनला दहा मिनिटं हलकं वाटायचं. अकराव्या मिनिटाला मंगळवारची सकाळ आठवायची. कामावर निघताना तिने बाळाच्या कपाळाला ओठ लावले होते. ते अपघाताच्या आधी, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ती वेळेचा हिशोब पुन्हा पुन्हा करायची, जणू दहा वाजता घडलेली गोष्ट केव्हातरी सरकून आठच्या आधी जाऊन बसेल.

रविवारी दुपारी तिला शिंक आली. मग दुसरी. रात्रीपर्यंत नाक गळायला लागलं. ती उशीत तोंड खुपसून रडली, आणि खरं सांगायचं तर त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. आपण घरी गेलो नाही हे किती बरं केलं!

सोमवारी सकाळी ती डॉक्टर पुरुषोत्तमांच्या दारात तोंडावर रुमाल बांधून उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. फुगा, घोट, खोटं ट्रेनिंग. सर मूळचे पुण्याचे. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मंगळवारी सांगायला हवं होतंत, शालनबाई.”

“हो सर.”

“बसा. तिथेच, खिडकीशी.” त्यांनी ड्रॉवरमधून विभागाचा फॉर्म काढला, जो शालनने आजवर हजारेक घरांत भरला असेल. “लक्षणं?”

“कालपासून. सर्दी, थोडा खोकला.”

“घरात आणखी कोणाला?”

“कोणाला नाही. मी रोज फोन करते. बाळ बरं आहे.”

सरांचा पेन थांबला. “फोनवर काय विचारता?”

“बाळ कसं आहे म्हणून.”

सर नुसते तिच्याकडे बघत राहिले. शालनला स्वतःचाच धडा आठवला.

सर्वेक्षणाला नव्या मुली आल्या की त्यांना घरी जाऊन बोलायचं कसं हे शालनच शिकवायची. तिचा पहिला धडा ठरलेला होता. बाळ कसं आहे, असं कधीही विचारायचं नाही. कुठलंच घर दारातल्या माणसाला बाळ आजारी आहे म्हणून सांगत नाही. दृष्टीला भितात, दवाखान्याला भितात, सुईला भितात. रात्री किती वेळा प्यालं ते विचारा. त्याचं उत्तर आई विचार न करता देते.

तिने सरांच्याच टेबलावरचा फोन ओढला. पलीकडे बसवंतअण्णांची हाक, चपलांचा आवाज, मग आत्ती.

“आत्ता सकाळी गं कसा फोन? झ्याक हाय बाळ.”

“आत्ती, काल रात्री किती वेळा प्यालं?”

“दोन डाव,” आत्तीचा आवाज बारीक झाला. “त्ये बी तोंड लावतंय आन् सोडतंय. नाक चोंदलंय, दुसरं काय न्हाई. मी वेखंड लावलंय. तू टरेनिंगात, तुझा जीव कशाला टांगणीला लावायचा म्हणून प्रतिमाच म्हणाली, अक्काला सांगू नगा.”

शालनने फोन खाली ठेवला तेव्हा सर जीपची किल्ली शोधत होते.

बसवनगुडीत आदल्या सोमवारच्या कडलेकाई परिषेचा, भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेचा, कचरा अजून निघाला नव्हता. शेंगांच्या टरफलांवरून जीप करकरत गेली. शालन जिना चढली, दारातच पदर नाकावरून घट्ट गुंडाळला आणि आत गेली. प्रतिमा भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर बाळ. ते रडत नव्हतं, आणि शालनला त्याचीच भीती वाटली.

तिने अंगडं वर केलं. घड्याळ काढून गादीवर ठेवलं. बाळाची छाती लहानशा भात्यासारखी हलत होती आणि प्रत्येक श्वासाला बरगडीखालची जागा आत ओढली जात होती. साठच्या पुढे धोका. पूर्ण मिनिट मोजायचं, अर्धं मोजून दुप्पट करायची नाही, हेही तीच शिकवायची. चाळिसाव्या सेकंदाला तिचे पन्नास झाले होते. तरी तिने मिनिट पुरं केलं.

चौऱ्याहत्तर.

“चल,” ती म्हणाली. “असंच उचल. काही घेऊ नकोस बरोबर.”

मुलांच्या दवाखान्यात सर ओळखीचे होते, म्हणून खाट लगेच मिळाली. नळी लावली, प्राणवायू सुरू झाला. दुपारी तीनपर्यंत बाळाच्या ओठांवरचा निळसरपणा ओसरला. ड्यूटीवरची डॉक्टर म्हणाली, “आज आणि उद्या बघू. कालच आणायला हवं होतं.” ती हे कोणाला उद्देशून बोलली नव्हती, पण आत्तीने पदराला डोळे पुसले.

नाकातला नमुना घ्यायचा होता. तो शालननेच घेतला, कारण तिच्याइतक्या हलक्या हाताने तिथे कोणालाच जमलं नसतं. बाळाने तोंड वाकडं केलं, क्षीणसं रडलं. नमुन्याची नळी बंद करून तिने बर्फाच्या डब्यात ठेवली आणि गुडघ्यावर फॉर्म घेतला. बाळाचं नाव, आईचं नाव, वय सव्वीस दिवस... नाही, पंचवीस. पुढच्या रकान्याशी पेन थांबला. आजार सुरू झाल्याचा दिवस.

या रकान्याला ती आठवडाभर भीत आली होती. मंगळवारनंतरचा कोणताही वार असला तरी ती मनाशी म्हणणार होती, माझ्यामुळे. कपड्यांतून, केसांतून, कशातून तरी.

“प्रतिमा,” तिने विचारलं, “पहिल्यांदा शिंकलं कधी? आठवून सांग.”

“आठवायचं काय त्यात?” प्रतिमाची नजर बाळावरून हलली नाही. “परिषेचा सोमवार. बारशाला आलेल्या जाऊबाईंचा पोरगा खोकत होता, त्याचंच असणार. सोमवारी रात्रभर नाक वाजत होतं.”

सोमवार म्हणजे घोटाच्या आदला दिवस.

शालनने मनातल्या मनात वार पुन्हा मोजले. बाळाचा सोमवार, तिचा मंगळवार, तिची शिंक रविवारी. मंगळवारी सकाळी बाळाच्या कपाळावर ठेवलेले ओठ. नाकातून नाकात जे काही गेलं होतं ते बहुधा उलट्या दिशेने, बाळाकडून तिच्याकडे. तिने बाळाला काहीच दिलं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं.

“मग मंगळवारी सकाळी का नाही बोललीस मला?”

“तू घाईत होतीस. बसची वेळ झाली होती.” प्रतिमाने बाळाच्या पायांवरचं दुपटं सारखं केलं. “म्हटलं, संध्याकाळी अक्का येईल. हात धुऊन बाळाला घेईलच. घेतलं की तिला आपोआप कळेल.”

शालनने रकान्यात सोमवार लिहिला.