रंगमंचावर माती आणू नये

‘रंगमंचावर माती, पाणी, आग आणू नये.’ ह्या पाटीवरची धूळ दर सोमवारी मीच पुसते. एकवीस वर्षं झाली. माझे गुडघे गेले, पाटी ठणठणीत आहे.

या खेपेचं नाटक ग्रीकांचं, अडीच हजार वर्षांपूर्वीचं. राजाचा हुकूम असतो, फितुराचं प्रेत उघड्यावर सडू द्या. त्या फितुराची बहीण जुमानत नाही, जाऊन भावावर माती टाकते. आता माती आणायचीच नाही, तर ती बिचारी टाकणार काय? दिग्दर्शकाने व्यवस्थापकसाहेबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. साहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. मग बहिणीचं काम करणारी पोरगी, एरवी औषधांच्या दुकानात असते, रिकाम्या भांड्यात हात घालून रिकामी मूठ उघडायची. तालमीला सगळे हसायचे. ती विंगेत येऊन माझ्याशेजारी बसायची.

मला हसू येत नव्हतं. माझा भाऊ गेला तेव्हा मी रजेचा अर्ज दिला होता. सही होईपर्यंत जिने पुसत राहिले. सही झाली तिसऱ्या दिवशी. भावाच्या मातीला मी नव्हते. रजा वेळेत मिळाली नाही याचं दुःख नाही, मी वाट बघत बसले याची लाज वाटते.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. सेवापुस्तकात एक लाल शेरा पडला की पेन्शन अडकणार, हे साहेबांनी स्वतःच मला बजावलं होतं. तरी प्रयोगाच्या दुपारी मी दारातल्या कुंडीतली माती काढली, खडे वेचले आणि त्या भांड्यात भरून ठेवली.

पोरीचा हात भांड्यात गेला आणि क्षणभर थबकला. मग तिने मूठ सोडली. माती पडल्याचा आवाज विंगेतही ऐकू आला. कुणी हसलं नाही.

पडदा पडताच साहेब आले. माती कुणी आणली, म्हणून विचारलं. पोरगी पुढे होऊन म्हणाली, “मी.” साहेबांनी ते खरं धरलं असतं तर तिच्या नाटकमंडळींना हा हॉल पुन्हा मिळाला नसता. मी म्हटलं, ती खोटं बोलतेय, कुंडी बघून या.

साहेब दमल्यासारखे खुर्चीत बसले. “मावशी, नियम माहीत नव्हता का?”

“साहेब, ती पाटी मीच पुसते.”

त्यांनी शेरा लिहिला, मी खाली सही केली. मग केरसुणी घेतली आणि अख्खा रंगमंच झाडला. तेवढी माती मात्र त्या दिवशी तिथेच राहू दिली.