भिंतीपलीकडची माझी फळं

मी नर पपई बोलतोय. हो, पपईत नरही असतात. आधी हसून घ्या, मग ऐका.

माझा जन्म एका कावळ्याच्या कृपेने झाला. त्याने कुठेतरी लांब पिकलेली पपई खाल्ली आणि एका टेलरच्या दुकानामागे येऊन पोट हलकं केलं. त्यात मी होतो. हे सांगायला मला लाज नाही. फुकटचा प्रवास, वर खताची शिदोरी, बीला आणखी काय हवं?

टेलरमास्तर खूश झाला. बटणांच्या रिकाम्या डब्याने मला रोज पाणी घालू लागला. भिंतीपलीकडे त्याच्या ताईचं घर. तिनेही त्याच सुमाराला रोपवाटिकेतून पपई आणून लावली. आम्ही बरोबरीने वाढलो, बरोबरीने फुललो. माझ्या लांब देठांवर फुलांचे झुबके, आणि वास असा की मास्तरचं मशीन थांबायचं. पण फळ एकही नाही. पलीकडे मात्र खोडाला फळं लगडलेली.

"काय रे, तुझा नवरदेव नुसता सजूनच बसणार का?" ताई भिंतीवरून विचारायची.

मास्तरला ते लागायचं. "खायला काळ नि भुईला भार," असं मला ऐकवायचा.

माझं काम त्याने कधी पाहिलंच नाही. ते चालायचं कातरवेळी, आणि तेव्हा हा दिवा लावून काज करत बसलेला. लांब सोंडेचे पतंग यायचे, माझा गोड रस प्यायचे आणि अंगाला पराग माखून भिंत ओलांडायचे. पलीकडची मादी, तिच्या फुलांत रस नसतो. बिचारे फसायचे, पण माझा पराग तिथे पोचता करायचे आणि पोट भरायला पुन्हा माझ्याकडे यायचे.

एक दिवस मास्तर करवत घेऊन आला. माझं खोड पोकळ, दोन मिनिटांत आडवा झालो. गुडघ्याएवढा बुंधा उरला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पलीकडची फळं पिकून संपली आणि नवी फुलं गळायला लागली. ताईने खत घातलं, पाणी वाढवलं, तरी सकाळी झाडाखाली फुलांचा सडा. "तुझीच नजर लागली माझ्या झाडाला," ती मास्तरला म्हणाली. तेव्हापासून दोघांचं भिंतीवरचं बोलणंही बंद झालं.

शेवटी ताईने रोपवाटिकेतल्या बाईंना बोलावलं. त्यांनी गळलेलं फूल उचलून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "जवळपास नर झाड होतं का?"

ताई तडक मास्तरच्या परसात आली. माझ्या बुंध्याला कोंब फुटला होता. मास्तर मान खाली घालून म्हणाला, "बोल, काय बोलायचंय ते बोल."

"बोलू नंतर. आधी त्याला पाणी घाल."

आता मी पुन्हा पुरुषभर उंच आहे, फुललोही आहे. पतंगांना पत्ता आठवतो. तुमच्या परसात असा कुणी बिनफळाचा उभा असेल, तर करवत उचलण्याआधी शेजारच्या झाडाकडे एकदा बघा.

परवा माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक खिडकीतून मला बघून म्हणालं, "हे कशाला ठेवलंय, मास्तर? फळ तर धरत नाही."

मास्तरने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"धरतं की. भिंतीपलीकडे. आमच्या ताईचा जावई आहे तो."