तोट्टी की तोट्टिलु

आमच्या न्हाणीत आंघोळीचा लोखंडी टब हाय. व्हय, बिदरकडच्या ह्या बारक्या चिटगुप्प्यात! ही हौस माझ्या सासऱ्यांची, जगदेवप्पांची. कलबुर्गीत एक बंगला पाडायलेते, तवा त्यांनी तिथला हा टब मोडीत घेतला, आधी तो मांडला आन् मग त्याच्याभोवती न्हाणीच्या भिंती बांधल्या. गल्ली हसली. सासरे गेले, टब राहिला. आता त्याचा पांढरा मुलामा पोपडे सुटून निघायलाय आन् बुडाला गंज धरलाय.

त्यावरनं घरात जितकी तोंडं तितकी मतं. माझा नवरा गुरुबसव म्हणायचा, भिंत फोडून काढू, नवा आणू. कलबुर्गीच्या दुकानदारानं त्याला तिसरंच शिकवलं: जुना राहू द्या, त्याच्या आत प्लास्टिकचा दुसरा बसवून देतो, डब्यात डबा. मडिवाळप्पा रंगारी म्हणायलाता, गंज घासून रंग देतो. आन् माझी अत्ती, म्हणजे सासू, रत्नम्मा? "भंगारात घाला! एका माणसाला न्हायला हौद कशाला?"

मला मात्र तो टब पायजेच होता. कामून, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली, लेकरू न्हाई. बाजारात जा, लग्नात जा, देवळात जा, एकच सवाल: "काय, गोड बातमी कधी?" माझं डोकंच फिरतंय. त्या टबात गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की कुणी काय इचारत न्हाई. साऱ्या घरात तेवढीच जागा माझी, आन् तीच मोडीत निघायलीती.

शेवटी एकदा काय ते ठरवावं म्हणून अत्तीनंच मडिवाळप्पाला फोन लावला. तिच्या तोंडात टब हा शब्द बसत न्हाई. कानडीत टबाला तोट्टी म्हणतात, ती तोट्टीच म्हणते. आन् फोन असला तरी आपला आवाज बिदरपर्यंत आपणच पोचवायचा असं तिला वाटतं. अंगणात उभी राहून वरडायली, "अरे, आमची तोट्टी लई जुनी हाय! रंगावर भागतंय का नवीच आणायची? गुरुबसव म्हणायलाय, एकात भागत न्हाई, आत अजून एक पायजे!"

समोरच्या दारात शेजारीण यल्लम्मा लसूण सोलत बसलीती. तिला तोट्टी न्हाई, तोट्टिलु ऐकू आलं. तोट्टिलु म्हणजे पाळणा. झालं! पाळणा रंगवायलेत म्हणजे सुनेला दिवस गेलेत. आन् आत अजून एक म्हणजे जुळं!

दुपारी बायका दारात. हिरवा खण, नारळ, चिंचा, कैऱ्या. यल्लम्मा पुढं. "आगं चोरटे, आमच्यापासनं लपवतीस व्हय? जुळं हाय म्हणं!"

"कुणाला?" मी इचारलं.

"घ्या! आता आमालाच इचारती!"

यल्लम्मानं फोनवरचं तोट्टिलु सांगितलं, तवा उलगडा झाला. "अक्का, पाळणा न्हाई, न्हाणीतला टब रंगवायचाय वो!" मी हसले, बायका बी पोट धरून हसल्या. एकीनं तर कैरी तिथंच खाल्ली.

पण यल्लम्मानं सुस्कारा सोडला. "म्हणजे अजून बी काय न्हाई? डाक्टर तरी बदला." मग दुसरी म्हणाली, अमुक झाडपाला घे. तिसरी म्हणाली, सोमवार धर. मला लई वाईट वाटलं. मी उठले, न्हाणीत गेले, कडी लावली आन् त्या कोरड्या, गंजक्या टबात लुगड्यासकट बसले.

भाईर अत्ती कडाडली. "यल्लम्मा, तुझ्या चिंचा उचल आन् घरला जा! माझ्या सुनेचं पोट म्हणजे गावची चावडी न्हाई!" बायका गेल्या. मग पोराची पाळी. "गुरुबसवा, भिंत फोडायची न्हाई. आत दुसरी बसवायची न्हाई. भंगारात बी घालायची न्हाई. मडिवाळप्पाला सांग, रंग घेऊन ये."

मग ती न्हाणीच्या दाराशी आली. इतक्या हळू बोलली की मला कान लावावा लागला.

"नागू, गुरुबसव व्हायच्या आधी मला बी ह्या बायांनी असंच खाल्लं गं. मी गोठ्यात जाऊन रडत होते. मला तोट्टी नव्हती. तुझी कुणी काढणार न्हाई. रंग कंचा देऊ, सांग."

"निळा," मी आतनं म्हणाले, आन् पोटभर रडले.